गाडीच्या शेडला जोड देताना : पेण-रोह्याच्या घरमालकांसाठी

पेण किंवा रोह्यात गेल्या वीस-पंचवीस वर्षांत उभ्या राहिलेल्या बहुतेक बंगल्यांच्या एका बाजूला गाडीची शेड असते. घर बांधताना एक स्कूटर आणि फार तर एक छोटी मोटार एवढाच हिशेब झालेला असतो. पुढे घरात दुसरी गाडी येते, मुंबईचे भाऊबंद सणाला गाड्या घेऊन उतरतात, भाताची पोती आणि जुनं फर्निचर तिथेच येऊन पडतं. पेणमध्ये तर कित्येक घरांत शेडच्या मागे गणपतीचा कारखाना सुरू होतो. मग एक दिवस कुणीतरी म्हणतं, "मागे आठ-दहा फूट जागा आहेच, पत्रा टाकून घेऊ." गवंडी येतो, पावलांनी जागा मोजतो, फॅब्रिकेटर तोंडी दर सांगतो आणि दोन आठवड्यांत शेड लांबते.

अशी घाईने वाढवलेली शेड पहिल्याच पावसाळ्यात बोलू लागते. जुन्या भिंतीला ओल धरते, पागोळ्यांचं पाणी शेजाऱ्याच्या अंगणात पडून भांडण होतं, किंवा नगर परिषदेची नोटीस दारात येते. यात गवंड्याचं कसब कमी पडतं असं क्वचितच असतं. विचाराचा क्रम उलटा झालेला असतो. रायगडात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. इथे घराला कसलीही जोड द्यायची तर आधी पाण्याची वाट, मग कागद, मग पाया आणि सगळ्यात शेवटी पत्रा, हा क्रम पाळावा. गरज मात्र या चारही गोष्टींच्या आधी नक्की झालेली हवी.

गरज फक्कीने आखा

एकात्मिकृत विकास नियंत्रण नियमावलीत मोटारीच्या एका जागेचं माप २.५ मीटर बाय ५ मीटर आहे, म्हणजे साधारण सव्वाआठ फूट बाय साडेसोळा फूट. मोकळ्या जागेत गाडी लावायला ते पुरतं. दोन्ही बाजूंना भिंती आल्या की पुरत नाही, कारण दार उघडून माणूस उतरायला जागा लागते. अर्टिगा १.७३५ मीटर रुंद आणि ४.३९५ मीटर लांब आहे. चालकाच्या बाजूला अडीच फूट आणि पलीकडे दोन फूट धरले तर आतली रुंदी सव्वादहा फूट होते. पुढे-मागे मिळून तीन फूट चालण्याची वाट धरली तर लांबी साडेसतरा फुटांवर जाते. वॅगन आरला रुंदीत चारेक इंच आणि लांबीत सव्वादोन-अडीच फूट कमी लागतील. पण घराची शेड पुढची तीस वर्षं टिकणार आणि गाडी दर आठ-दहा वर्षांनी बदलणार, हे ध्यानात ठेवून मोठ्या गाडीचं माप धरलेलं बरं.

कागदावर आकडे लिहून थांबू नका. जागेवर चुन्याची फक्की मारून भिंती आखा, गाडी आत घ्या, चारही दारं आणि डिकी उघडा. डिकी उघडल्यावर तिचं टोक वरच्या तुळईला लागेल का ते पाहा. गल्लीतून फाटकात वळताना गाडी दोनदा मागेपुढे करावी लागत असेल, तर मागे कितीही जागा वाढवली तरी दुसरी गाडी रोज आत येणार नाही. ती रस्त्यावरच उभी राहील. अशा वेळी पैसे फाटक रुंद करण्यावर घालवणं जास्त शहाणपणाचं.

त्यानंतर या जोडीचा वापर एका वाक्यात लिहा. फक्त गाडी, सामानाची खोली, कामाची जागा की पुढेमागे माणसाने राहायची खोली, यावर बाकी सगळं ठरतं. राष्ट्रीय इमारत संहितेत गाडीच्या जागेला किमान २.४ मीटर उंची चालते, तर राहण्याच्या खोलीला २.७५ मीटर लागते. दहा वर्षांनी तिथे मुलाची खोली काढायची असं मनात असेल तर उंची, खिडकी आणि स्लॅबचं वजन पेलणारा पाया आजच धरावा लागतो. नंतर पत्रा काढता येतो, पाया काढता येत नाही.

जागा कोणाची आणि परवानगी कोणाची

पेण आणि रोहा या दोन्ही शहरांत नगर परिषद आहे. शहराच्या हद्दीतल्या बांधकामाला महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ खाली नगर परिषदेची परवानगी लागते आणि डिसेंबर २०२० पासून लागू झालेली एकात्मिकृत नियमावली त्यासाठी पाहिली जाते. हद्दीबाहेर पडलात की चित्र बदलतं. गावठाणातलं घर असेल तर सुरुवात ग्रामपंचायतीपासून होते. गावठाणाबाहेरच्या जमिनीसाठी महसूल आणि नगररचना विभागाकडे जावं लागतं. पेण तालुक्यातल्या काही गावांसाठी वेगळं नियोजन प्राधिकरण आहे. धाटावच्या औद्योगिक वसाहतीतल्या भूखंडांना एमआयडीसीचे नियम आहेत. म्हणून पहिला प्रश्न 'नियम काय' हा नसून 'माझं घर कोणाच्या हद्दीत' हा असतो.

कागद गोळा करताना ही यादी समोर ठेवा : शहरात मिळकत पत्रिका, बाहेर ७/१२ किंवा ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा, मोजणीचा नकाशा, घराचा जुना मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र, चालू वर्षाची घरपट्टीची पावती. वडिलोपार्जित घर असेल तर उताऱ्यावर मुंबई-ठाण्याला असलेल्या काका-आत्यांची नावं हमखास निघतात. त्यांची लेखी संमती काम सुरू होण्याआधी घ्या. भिंत उभी राहिल्यावर मागितलेली संमती अवघड होऊन बसते.

जुना मंजूर नकाशा हातात आला की एक गोष्ट नीट पाहा : सध्याची शेड त्यात दाखवली आहे का? कित्येक घरांत शेड नंतर, घर आणि कुंपण यांच्यामधल्या सामासिक अंतरात उभी राहिलेली असते. तसं असेल तर तुम्ही जिला जोड देणार आहात तीच नकाशात नाही. आधी तिचा प्रश्न सोडवावा लागेल. नियमात बसत असेल तर नियमित करून घेता येते. बसत नसेल तर वाढवलेला प्रत्येक फूट नोटिशीला निमंत्रण देतो.

'लोखंडी खांबांवर पत्रा आहे, त्याला कसली परवानगी' हा समज दोन्ही शहरांत पक्का आहे आणि तो चुकीचा आहे. नगर परिषदांच्या कायद्यात इमारतीच्या व्याख्येत शेडही येते. फक्त पावसाळ्यापुरतं आच्छादन हा वेगळा प्रकार आहे. त्याची तात्पुरती परवानगी घेता येते, मात्र मुदत संपल्यावर ते उतरवावं लागतं. विनापरवाना कायम बांधकामाला १९६६ च्या कायद्याच्या कलम ५३ खाली ते पाडण्याची नोटीस येऊ शकते.

दिलासा देणारी बाब अशी की छोट्या भूखंडांसाठी प्रक्रिया सोपी झाली आहे. एकात्मिकृत नियमावलीत १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर नोंदणीकृत तांत्रिक व्यक्तीने सही केलेला नकाशा आणि शुल्क भरल्याची पावती यांवर काम सुरू करण्याची, तर १५० ते ३०० चौरस मीटरसाठी दहा दिवसांत परवानगी देण्याची तरतूद आहे. सोपी प्रक्रिया म्हणजे नियमांतून सुटका असा अर्थ काढू नका. सामासिक अंतर आणि चटई क्षेत्र निर्देशांक दोन्हीकडे पाळावेच लागतात, आणि सही करणाऱ्यावर त्याची जबाबदारी येते. म्हणून नकाशा करणारा वास्तुविशारद किंवा अभियंता स्थानिक, नोंदणीकृत आणि जागेवर येऊन माप घेणारा असावा.

नदी, खाडी आणि महामार्ग

रोह्यात कुंडलिकेकाठी घर असेल तर जलसंपदा विभागाच्या निळ्या आणि लाल पूररेषेची माहिती नगर परिषदेतून घ्या. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची धरतात. नदीपासून निळ्या रेषेपर्यंत नव्या बांधकामाला मनाई आहे. निळ्या आणि लाल रेषेच्या मधल्या पट्ट्यात बांधायचं तर जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा ४५ सेंटिमीटर वर हवं. गाडीच्या शेडचं जोतं तेवढं वर नेलं तर फाटकापासून चढ किती होईल, याचा हिशेब नकाशा करतानाच मांडा. कधी कधी त्या चढामुळेच सगळा बेत बदलतो.

सरकारी रेषेखेरीज तुमच्या गल्लीची स्वतःची एक रेषा असते. कुंडलिकेची पातळी डोलवहाळ बंधाऱ्यावर मोजली जाते आणि तिथे २३.९५ मीटर ही धोका पातळी धरतात. धोका पातळी ओलांडल्याच्या बातम्या आल्या त्या दिवशी पाणी कोणाच्या पायरीपर्यंत आलं होतं, हे शेजारच्या जुन्या माणसांना विचारा आणि त्या उंचीची खूण भिंतीवर करा. पेणमध्ये भोगावतीकाठच्या आणि सखल वस्तीतल्या लोकांनीही हेच करावं. ही खूण पुढे विजेच्या प्लगपासून सामानाच्या फळीपर्यंत सगळ्याला उपयोगी पडते.

खाडीलगतच्या जमिनीला किनारा नियमन क्षेत्राचे निर्बंध लागू होऊ शकतात. मुंबई-गोवा महामार्गालगतच्या घरांनी रस्त्याच्या मध्यापासूनची इमारत रेषा तपासल्याशिवाय समोरच्या बाजूला एक खांबही रोवू नये. रुंदीकरणात काय काय गेलं ते महामार्गावरच्या प्रत्येक गावाने पाहिलेलं आहे.

पाया आणि सेप्टिक टाकी

पेणच्या खारेपाटाच्या बाजूला खाडीची चिकण माती आहे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वजनाखाली हळूहळू दबते. डोंगराच्या पायथ्याला मुरूम किंवा खडक लवकर लागतो. रोह्यात नदीच्या गाळाची जमीन आणि टेकडीचा उतार अर्ध्या किलोमीटरच्या आत दोन्ही सापडतात. शेजाऱ्याने पाया किती खोल नेला यावरून आपला ठरवू नका. नव्या जागेत दोन-तीन ठिकाणी चाचणी खड्डे घ्या आणि मूळ जमीन कुठे लागते ते पाहा. घर बांधताना परिसर उंच करायला टाकलेला भराव वरून घट्ट वाटतो, पण खांबाची बैठक त्यावर ठेवायची नसते. ती भराव ओलांडून मूळ जमिनीत जायला हवी.

जुनं घर बसायचं तेवढं बसून झालेलं असतं. नवं बांधकाम पुढची दोन-चार वर्षं थोडं थोडं बसत राहतं. दोन्ही एकमेकांना घट्ट जखडले तर जोडावर तडा जातो आणि पाणी नेमकं तिथून शिरतं. म्हणून शेडला स्वतःचे खांब द्या, जुन्या भिंतीपासून इंचभर फट ठेवा आणि ती लवचिक सीलंटने भरा. कैचीचं एक टोक घराच्या भिंतीवर टेकवून दोन खांब वाचवायचा मोह होतो. साडेचार इंची भिंतीवर तसं कधीच करू नका, आणि नऊ इंची भिंतीवरही अभियंत्याने लिहून दिल्याशिवाय नको. नव्या पायाचा खड्डा जुन्या पायापेक्षा खोल जाणार असेल तर सगळा चर एकदम उघडू नये. चार-चार फुटांचे तुकडे करून काम करावं.

घराच्या मागे किंवा बाजूला सेप्टिक टाकी असतेच, आणि जोड द्यायला मोकळी दिसणारी जागा बहुधा तीच असते. टाकीवरची फरशी माणसाच्या वजनासाठी टाकलेली असते. रिकामी मोटारच टनभर वजनाची आणि ते वजन चार चाकांच्या चार जागी उतरतं. टाकीवर गाडी उभी राहणार असेल तर वरचा स्लॅब नव्याने, गाडीच्या भाराचा हिशेब करून टाकावा लागेल. खांबाची बैठक टाकीला खेटून घेऊ नका, आणि उपशाचं झाकण कोब्याखाली गाडू नका. मैला उपसायची गाडी येईल तेव्हा तिची नळी झाकणापर्यंत पोचली पाहिजे.

जमिनीत वाळवी असतेच. पायाच्या चरात वाळवीप्रतिबंधक फवारणी आणि जोत्यावर ओलरोधक थर ही दोन कामं भिंत उभी राहण्याआधीच होतात. नंतर केलेली मलमपट्टी ठरते.

छप्पर : निसर्गचा धडा

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं आणि जिल्ह्यात घरांची, गोठ्यांची, शेडची छपरं उडाली. वारा पत्र्याला वरून दाबण्यापेक्षा खालून उचलतो. एक-दोन बाजू उघड्या असलेल्या गाडीच्या शेडमध्ये तो आत शिरतो आणि छपराला पोटातून ढकलतो. म्हणून अशा शेडच्या पत्र्याची पकड बंद खोलीच्या पत्र्यापेक्षा जास्त हवी. पर्लिनमधलं अंतर, स्क्रूची संख्या, स्क्रूखालचा रबरी वॉशर आणि खांबाच्या तळाची प्लेट काँक्रीटमध्ये धरून ठेवणारे बोल्ट, या चार गोष्टी ठेक्याच्या कागदावर लिहून घ्या. कडेच्या आणि कोपऱ्यांच्या पर्लिनवर स्क्रू जास्त घ्यायला सांगा, कारण पत्रा सुटायला सुरुवात तिथून होते. वळचण पावसासाठी हवी, पण ती दोन फुटांपेक्षा पुढे काढली की वाऱ्याला हातात धरायला फडकं मिळतं.

उताराचा हिशेब घराच्या भिंतीवर करून पाहा. कोकणच्या पावसाला दर पाच फुटांमागे एक फूट उतार ठेवणं चांगलं. शेड घरापासून दहा फूट बाहेर येत असेल तर दोन फूट उतार लागतो. बाहेरच्या टोकाला आठ फूट उंची हवी असेल तर घराच्या भिंतीशी छप्पर दहा फुटांवर भिडेल. म्हणजे साधारण सात फुटांवर वरची कड असलेली तळमजल्याची खिडकी छपराखाली झाकली जाणार. स्वयंपाकघराची किंवा झोपण्याच्या खोलीची एकमेव खिडकी गाडीच्या शेडमध्ये उघडू देऊ नका. त्या खोलीचा उजेड जातो, वारा थांबतो आणि गाडीचा धूर आत येतो. अशा वेळी शेडचा तेवढा भाग मोकळा सोडा किंवा खोलीला दुसरीकडे खिडकी काढल्यावरच जोड द्या.

आता तो जोड. नवा पत्रा आणि जुनी भिंत जिथे मिळतात ती रेषा हे सगळ्या कामातलं सर्वांत नाजूक ठिकाण. घाईत फॅब्रिकेटर पत्रा भिंतीला भिडवतो आणि गवंडी वरून सिमेंटची पट्टी फासतो. उन्हाने पत्रा वाढतो, रात्री आकसतो, आणि मे महिना संपायच्या आत ती पट्टी केसाएवढी सुटते. पहिल्या मोठ्या सरीत पाणी भिंतीच्या आतून उतरतं आणि आठ दिवसांनी घरातल्या रंगाला फोड येतात. बरोबर काम असं होतं : छपराच्या रेषेच्या सहा इंच वर कटरने भिंतीत इंचभर खोल आडवी खाच पाडायची. ती गिलाव्याच्या पुढे विटेत गेली पाहिजे. वाकवलेल्या पत्र्याची पट्टी वरच्या कडेने त्या खाचेत घालायची आणि खालची कड नव्या पत्र्यावर किमान सहा इंच सोडायची. खाच लवचिक सीलंटने भरायची. पट्टी खालच्या पत्र्याला स्क्रूने जखडायची नाही, म्हणजे पत्रा हलला तरी जोड तुटत नाही. हे काम चालू असताना मालकाने जागेवर असावं. पत्रा बसल्यावर खाच दिसत नाही आणि ती पाडली होती की नाही हे पाऊसच सांगतो.

आवारात नारळ असेल तर त्याचाही विचार करा. झावळी आणि नारळ पडण्याच्या टप्प्यात पारदर्शक पत्रा नको. शहरात झाड तोडायचं तर वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, म्हणून शक्यतो नकाशाच झाडाला सांभाळून करावा.

पन्हळ, कोबा आणि शेजारी

जुनी आणि नवी शेड मिळून दहा बाय अठ्ठावीस फूट झाली तर छप्पर सुमारे २६ चौरस मीटरचं होतं. एका तासात १०० मिलिमीटर पाऊस कोसळला तर त्यावरून २,६०० लिटर पाणी उतरतं. एवढं पाणी पागोळ्यांनी शेजाऱ्याच्या कुंपणावर पडलं तर त्याने तक्रार केली यात त्याचा दोष नाही. आपल्या छपराचं पाणी आपल्याच आवारात उतरवणं ही आपली जबाबदारी. पन्हळ रुंद घ्या, तिला उतार द्या आणि खाली उतरणारे चार इंची पाइप दोन तरी ठेवा, कारण एकात आंब्याची पानं अडकणारच. पाइपच्या तोंडाला जाळी हवी आणि ती साफ करायला शिडी लावता येईल अशी जागा हवी. शक्य असेल तर एक पाइप टाकीकडे वळवा. पेणच्या खारेपाटातल्या गावांना उन्हाळ्यातली पाणीटंचाई सांगायला नको.

जमिनीची पातळी तीन टप्प्यांत धरा. शेडचा कोबा बाहेरच्या जमिनीपेक्षा किमान १५ सेंटिमीटर वर, आणि घराची फरशी शेडपेक्षा किमान एक पायरी वर. कोब्याला दर फुटाला पाव इंच उतार फाटकाकडे द्या. फाटकाशी जाळी बसवलेली आडवी गटार काढली की रस्त्याचं पाणी आत येत नाही आणि गाडी धुतलेलं पाणी बाहेर साचत नाही. हे पाणी सेप्टिक टाकीत सोडू नका. तेल आणि साबण टाकीतली जिवाणूंची प्रक्रिया बिघडवतात.

मागे कारखाना काढायचा असेल तर

पेण शहरात आणि हमरापूर, जोहे, तांबडशेत, कळवे या भागात गाडीमागची जागा मूर्तिकामाला देणं नवीन नाही. पण गाडीची शेड आणि कारखाना यांच्या गरजा वेगळ्या आहेत. पेट्रोलची वाफ आणि रंगातलं थिनर एका हवेत नको. मध्ये छपरापर्यंत पक्की भिंत घाला आणि कारखान्याचं दार स्वतंत्र ठेवा. रंगाचा स्प्रे चालतो तिथे हवा बाहेर फेकणारा पंखा हवा, आणि त्याचं तोंड शेजाऱ्याच्या खिडकीकडे नको.

शाडूची मूर्ती प्लास्टरच्या मूर्तीपेक्षा कितीतरी सावकाश सुकते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मे २०२० मध्ये विसर्जनाबाबतच्या सुधारित मार्गदर्शक सूचना काढल्यापासून प्लास्टरच्या मूर्तींचा प्रश्न न्यायालयांतही गाजतो आहे. पुढे शाडूकडे वळावं लागेल हे धरूनच जागा आखणं शहाणपणाचं. त्यासाठी समोरासमोर झरोके, ऊन थेट न येणारी सावली आणि फळ्यांच्या मध्ये वारा खेळेल एवढं अंतर हवं. ओल्या शाडूच्या मूर्तींनी भरलेली मांडणी जड होते. ती भिंतीला टांगण्याऐवजी जमिनीवर उभी राहणारी करा.

आणि दाराचं माप घ्या. मंडळाची मोठी मूर्ती आत घडते, पण पाटासकट, पॅकिंगसकट, हातगाडीवर चढवून तिला बाहेर पडायचं असतं. गेल्या पाच वर्षांतली सर्वांत उंच ऑर्डर आठवा, तिच्यात पाट, गाडी आणि वर एक हात मोकळा मिळवा, आणि शटरची उंची तेवढी ठेवा. टेम्पो मागे लावायला जागा हवी असेल तर मोटार त्या दिवसांत कुठे उभी राहणार हेही ठरवा.

वीज

घरातल्या एका भागात छोटा व्यवसाय असेल तर महावितरणच्या घरगुती दरात एक सवलत आहे : महिन्याचा वापर ३०० युनिटपर्यंत आणि आधीच्या आर्थिक वर्षाचा वापर ३,६०० युनिटपर्यंत असेल तर घरगुती दर लागू होतो. हंगामात कॉम्प्रेसर, पंखे आणि दिवे रात्रभर चालले की ही मर्यादा सहज ओलांडते. त्यामुळे आधीच्या हंगामाची बिलं काढून बघा आणि गरज असेल तर वेगळं कनेक्शन घ्या. चालू दरपत्रक वीज कार्यालयात विचारून खात्री करा.

आज विजेवरची गाडी नसली तरी मुख्य बोर्डापासून शेडपर्यंत जाड वायरची स्वतंत्र नळी भिंतीत आताच टाकून ठेवा. नंतर भिंत फोडण्यापेक्षा ते स्वस्त पडतं. शेडसाठी वेगळं एमसीबी, ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी आणि चांगलं अर्थिंग हवंच. लोखंडी खांबांची शेड आणि ओली जमीन यांच्यामध्ये सैल वायर जिवावर बेतते. भिंतीवर केलेल्या पुराच्या खुणेच्या वर सगळे प्लग राहतील हे पाहा.

करार आणि वेळापत्रक

'चौरस फुटाला इतके' हा दर ऐकायला सोपा आणि भांडायला आणखी सोपा. त्याऐवजी कामागणिक दर मागा : खोदाई, काँक्रीट, सळई, वीटकाम, लोखंड किलोमागे, पत्रा, पन्हळ, कोबा, रंग. पत्र्याची जाडी मिलिमीटरमध्ये, लोखंडी पाइपची जाडी, रेड ऑक्साइडचे हात किती, हे कागदावर असू द्या. पैसे टप्प्याने द्या आणि शेवटचा हप्ता पहिला मोठा पाऊस झाल्यावर द्यायचा असं आधीच ठरवा. चांगला ठेकेदार याला हरकत घेत नाही. अंदाजपत्रकाच्या वर दहा टक्के रक्कम बाजूला ठेवा. जमिनीखाली काय निघेल ते आधी कळत नाही. स्वतःच्या राहत्या घराचं ठरावीक खर्चापर्यंतचं काम बांधकाम कामगार उपकराच्या कक्षेत येत नाही. विकास शुल्क मात्र भरावं लागतं, आणि काम झाल्यावर घरपट्टीची फेरआकारणी होते.

वेळापत्रक पावसाकडून उलटं मोजा. जूनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत पाऊस येतो, म्हणून छप्पर आणि पन्हळ एप्रिलअखेर बसलेली हवी. मे महिना पाणी सोडून जोड तपासायला ठेवा. त्यासाठी पाया डिसेंबर-जानेवारीत, आणि मोजणी, नकाशा, परवानगी गणपतीनंतर दिवाळीपर्यंत उरकायला हवी. मूर्तिकारांना हेच दिवस जरा मोकळे मिळतात, हा योग साधावा.

नकाशा काढायला देण्याआधी एक काम पावसातच करून ठेवा. जोराची सर आली की छत्री घेऊन घराभोवती फिरा, पाणी कुठून येतं, कुठे थांबतं आणि कुठून जातं ते मोबाइलवर चित्रित करा आणि ते अभियंत्याला दाखवा. शेड किती फूट वाढवायची हे त्यानंतर ठरवा. मोजणी, मंजुरी आणि पन्हळ या तीन बाबींवर पैसे वाचवू नका. पत्र्याचा रंग, फरशी आणि फाटकाची नक्षी यांवर खुशाल वाचवा.